श्रीयुत धूरमोजे

हे आडनाव त्यांच्या रेशनकार्डावर नाही. ते ट्रान्सपोर्टवाल्यांनी ठेवलंय, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकदा ठेवलेलं नाव गॅझेटमध्ये छापूनही बदलत नाही. व्हिजिटिंग कार्डावर त्यांचं पदनाम तीन ओळींचं आहे. गेटवरच्या वॉचमनला ते कधी धड वाचता आलं नाही, म्हणून त्याने रजिस्टरमध्ये सरळ ‘धूरमोजे साहेब, आत’ असं लिहून टाकलं. तेव्हापासून डिस्पॅचपासून कॅन्टीनपर्यंत सगळे त्यांना धूरमोजेच म्हणतात, आणि तेही बिनतक्रार ओ देतात.

असा माणूस आमच्याकडेच आहे असं समजू नका. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, जिथे म्हणून कारखाना आहे आणि त्या कारखान्याला एखादं बडं गिऱ्हाईक आहे, तिथे अलीकडे एकेक धूरमोजे नेमला गेलाय. कुणी मूळचा क्वालिटीतला असतो, कुणी सेफ्टीतला, कुणाला स्टोअरमधून उचलून या खुर्चीत बसवलेलं असतं. काम एकच. माल फाटकातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारात उतरेपर्यंत, मग तो ट्रकने जावो की रेल्वेने, त्यापायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला याचा अंदाज काढायचा.

याची सुरुवात सेबीपासून झाली. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरणाचाही हिशेब मांडणारा अहवाल देणं सक्तीचं झालं. आमची कंपनी बाजारात नाही. आम्ही पाण्याच्या प्लास्टिक टाक्या आणि पीव्हीसी फिटिंग बनवतो. पण आमचं बडं गिऱ्हाईक बाजारात आहे, आणि त्याला स्वतःच्या अहवालात आमचा धूर लिहायची हौस आहे. म्हणून दरसाल मे महिन्यात त्याच्याकडून एक एक्सेल येते. त्या एक्सेलचे रकाने भरता भरता कुणाचंच घोडं पुढे सरकेना, म्हणून धूरमोजे आले.

मी डिस्पॅचला बसतो. गाडी भरून बाहेर काढली की माझा तिच्याशी संबंध संपतो, तो एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, सही होऊन परत येईपर्यंत. धूरमोज्यांचा संबंध नेमका तिथून सुरू होतो. त्यांचा एक लाडका प्रश्न आहे. कुठल्याही गाडीबद्दल, कुणालाही, कुठेही विचारतात: “परत येताना काय?”

रस्त्यात भेटले तर ते तुमच्याकडे बघत नाहीत, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या टायरकडे बघतात. आजकालच्या मोठ्या गाड्यांना उचलता येणारा एक्सल असतो. माल कमी असला की ड्रायव्हर ती चाकं वर घेतो, टायर झिजत नाहीत. धूरमोज्यांना दोन चाकं अधांतरी दिसली की ते वाक्य अर्ध्यावर सोडतात. “रिकामी,” असं पुटपुटतात, खिशातून वही काढतात, गाडीचं पासिंग कुठलं ते लिहितात, आणि मग विचारतात, “हां, काय म्हणत होता तुम्ही? वडील कसे आहेत?”

घरीही हेच. बायकोने भाजी आणायला पाठवलं, तर पिशवीबरोबर माहितीही येते. कांदा लासलगावचा, कोथिंबीर नारायणगावची, सफरचंद किन्नौरचं. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी सफरचंदाचा सिमल्यापासूनचा मार्ग सांगायला घेतला, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, “अहो, ते आता पोचलंय ना आपल्याकडे? मग कापा.”

पहिल्या वर्षी त्यांच्या हातात काय होतं? खातेवहीतला भाड्याचा आकडा, बस्स. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल नावाची जी जगभर चालणारी नियमावली आहे, तिच्यात वाहतुकीचा कार्बन काढायच्या तीन वाटा दिल्यात. सगळ्यात चांगली वाट इंधनाची: डिझेल किती जळलं ते सांगा. ते ठाऊक नसेल तर अंतराची: किती टन माल किती किलोमीटर गेला ते सांगा. तेही जमत नसेल तर पैशांची: भाड्यापोटी किती रुपये गेले ते सांगा, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणा, की कार्बन तयार.

धूरमोज्यांनी तिसरी वाट धरली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळेनात, भाडी चढली. माल तेवढाच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तेच. पण धूरमोज्यांच्या तक्त्यात ऑक्टोबर महिना काळाकुट्ट झाला. पुढे परचेसवाल्यांनी ट्रान्सपोर्टरला समोर बसवून भाडं आठ टक्क्यांनी खाली आणलं, तर कार्बनही आठ टक्क्यांनी खाली आला. वार्षिक कार्यक्रमात पर्यावरणरक्षणाबद्दल परचेसच्या साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं, पण घासाघीस मात्र जीव तोडून केली होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धूरमोजे एकटे हात चोळत बसले होते. “हे काही खरं नाही,” मला म्हणाले, “उद्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठने आपला माल फुकट नेला तर आपण शून्य उत्सर्जनवाले होऊ.”

दुसऱ्या वर्षी त्यांनी अंतर धरलं. पण त्याआधी एमडी साहेबांना एक गोष्ट पटवणं भाग होतं. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विहिरीतून तेल काढणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत शुद्ध करणं हेही धरलं तर आकडा ३ किलोच्या वर जातो. एमडी साहेब मूळचे हिशेबाचे पक्के.

“लिटरभर डिझेलचं वजन किती?”

“साधारण ८४० ग्रॅम, साहेब.”

“मग ८४० ग्रॅम जाळून अडीच किलोच्या वर कसं निघेल? कुठल्या धंद्यात असं होतं?”

धूरमोजे खुलले. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भागांचा वायू होतो, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. एमडी साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे ऑक्सिजन हवेतला. आपण दिलेला नाही. मग तो आपल्या नावावर का?”

या प्रश्नाला फळ्यावर उत्तर नव्हतं.

तर अंतर. मालाचं वजन आणि किलोमीटर यांचा गुणाकार म्हणजे टन-किलोमीटर, या जमातीचं हे मूळ नाणं. टपरीवर चहा पिता पिता धूरमोज्यांनी मला ते समजावून दिलं. समजा, सोळा टन माल घेऊन गाडी चाकणहून नागपूरला निघाली. धरा ७०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ४ देते, म्हणजे १७५ लिटर, म्हणजे ४६९ किलो कार्बन डायऑक्साइड. टन-किलोमीटर झाले ११,२००. एका टन-किलोमीटरला ४२ ग्रॅम.

“चांगलं आहे की,” मी म्हटलं.

“परत येताना काय?”

परत येताना काही नाही. गाडी रिकामी. रिकामी लिटरला ५ देते, म्हणजे आणखी १४० लिटर, आणखी ३७५ किलो. माल तेवढाच, त्यामुळे टन-किलोमीटर तेवढेच, आणि एकदम ७५ ग्रॅम. नागपूरहून कुणी मार्केट यार्डासाठी संत्री भरली असती तर त्या संत्र्यांनी आपला वाटा उचलला असता. नाही भरली, तर रिकाम्या गाडीचा धूर आमच्या टाक्यांच्या माथी. “अख्ख्या जगाचा कार्बन त्या परतीच्या वाटेत दडलाय,” असं सांगून त्यांनी कटिंगचा शेवटचा घोट घेतला. चहाचे पैसे मी दिले. त्यांचं मन अजून नागपूरहून निघालं नव्हतं.

किलोमीटर मिळायला अडचण नव्हती. ठरावीक किमतीच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतंच, आणि त्यात पिनकोड ते पिनकोड अंतर पोर्टलच काढून देतं, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदतही देतं. पण धूरमोज्यांनी फास्टॅगच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर एक गाडी भलत्याच टोलनाक्यावरून गेलेली. चौकशीअंती कळलं की ड्रायव्हरच्या मेव्हणीचा साखरपुडा होता, त्याने जराशी वाट वाकडी केली, आणि ती जराशी शंभर किलोमीटरच्या वर भरली.

आता हे जादा किलोमीटर हिशेबात धरायचे की नाही? वाहतुकीतल्या हरितगृह वायूंचा हिशेब कसा करावा यासाठी आयएसओ १४०८३ नावाचं मानक २०२३ साली आलं. धूरमोजे त्याचा उल्लेख घरातल्या थोरल्या माणसाचा करावा तशा आदराने करतात. ते मानक सांगतं, डिझेल खरोखर जळलं तेवढं सगळं धरा, पण टन-किलोमीटर काढताना अंतर मात्र शक्य तितक्या जवळच्या रस्त्याचं धरा. कारण उघड आहे. प्रत्यक्ष फिरलेलं अंतर धरलं, तर जो जास्त भटकेल त्याचे टन-किलोमीटर जास्त होतील, आणि प्रत्येकामागे ग्रॅम कमी दिसतील. म्हणजे साखरपुडे खाऊन आलेली गाडी सरळ आलेल्या गाडीपेक्षा गुणाची ठरेल. धूरमोज्यांनी साखरपुड्याचं डिझेल ठेवलं आणि किलोमीटर कापले. तसा शेरा लिहिला. कारण या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं लिहिलं.

मग आला खात्यांचा घोळ. स्वतःच्या टाकीतलं इंधन जाळलं तर ते स्कोप एक, विकत घेतलेल्या विजेचं स्कोप दोन, बाकी दुसऱ्याच्या हाताने निघालेला सगळा धूर स्कोप तीन. स्कोप तीनचे पंधरा प्रकार आहेत. माल पाठवताना भाडं आम्ही दिलं तर तो धूर प्रकार चारमध्ये जातो, गिऱ्हाइकाने दिलं तर प्रकार नऊमध्ये. ट्रान्सपोर्टच्या भाषेत पहिलं ‘पेड’, दुसरं ‘टू-पे’. गाडी तीच, टाक्या त्याच, नळकांड्यातून निघणारा धूर तोच. एलआरवर शिक्का कुठला बसला त्यावर त्याची जात ठरते. शिवाय ट्रान्सपोर्टरच्या वहीत तोच धूर स्कोप एक, आणि गिऱ्हाइकाच्या वहीत पुन्हा प्रकार चार. एकाच धुराला इतके वारस मी वतनाच्या दाव्यातही पाहिले नाहीत.

दुसऱ्या वर्षीचा आकडा मात्र देखणा आला. फारच देखणा. एमडी साहेबांनी पेढे वाटले. धूरमोज्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. गोम त्यांच्या ध्यानात आली होती. आमच्या टाक्यांनी गाडी दोरखंड ताणून वरपर्यंत भरते, पण त्या भरलेल्या गाडीतला माल काट्यावर जेमतेम दोन टन. बादल्या एकात एक बसतात, टाक्या बसत नाहीत. म्हणजे आम्ही नागपूरला मुख्यतः चाकणची हवा पाठवतो. दोन टन गुणिले ७०० म्हणजे १,४०० टन-किलोमीटर. त्याला सोळा टनी गाडीचे ७५ ग्रॅम लावले की १०५ किलो कार्बन. “अख्खा ट्रक नागपूरला जाऊन आला आणि ४० लिटरसुद्धा डिझेल जळलं नाही, असं होतं हे,” धूरमोजे म्हणाले. “हा ट्रक आहे का स्कूटर?”

देखण्या आकड्याने एमडी साहेबांना मात्र हुरूप चढला. “आता रेल्वेने पाठवू,” ते म्हणाले. रेल्वेला टनामागे धूर कितीतरी कमी, हे त्यांनी कुठेसं ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घरंगळायला जोर कमी लागतो. धूरमोजे मला घेऊन मालधक्क्यावर गेले. तिथल्या गुड्स क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं.

“माल किती?”

“टाक्या आणि फिटिंग मिळून महिन्याला शंभर टन.”

“अठ्ठावन्न वाघिणींचा रेक असतो, साडेतीन हजार टनांच्या वर जातो. तुमची दीड वाघीण झाली. बाकीच्या साडेछप्पन कुठून आणताय?”

शेवटी ठरलं असं, की टाक्या ट्रकनेच जातील, पण टाक्यांसाठी लागणारे प्लास्टिकचे दाणे न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये रेल्वेने वर आणायचे. झालं, धूरमोज्यांना नवं रान मोकळं मिळालं. पुण्या-मुंबईच्या गाडीत बाकीचे लोक खंडाळ्याचे धबधबे बघतात, हे उलट्या दिशेने घाट चढणाऱ्या मालगाडीची शेपटी बघतात. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. एकट्या इंजिनाचं ते काम नाही, कर्जतला मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि मग मोकळी खाली जातात.

“परत येताना काय?” डब्यातल्या शेजारच्या बाईंना धूरमोज्यांनी विचारलं. त्या उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. त्यांना कळलं नसेल, पण प्रश्न रास्त होता. उतरणाऱ्या बँकरचा हिशेब आमच्या दाण्यांत धरायचा की नाही? त्यातून नव्या धाटणीची इंजिनं उताराला ब्रेक लावताना वीज तयार करून परत तारेत सोडतात. म्हणजे तो माघारी जाताना उलट देणं देऊन जातो! धूरमोज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रिकामं परतताना काहीतरी देऊन जाणारं वाहन त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

विजेच्या गाडीला धूर नाही म्हणावं, तर तसंही नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरसाल देशातल्या विजेचा आकडा काढतं, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. धूर घाटात निघत नाही, तो चंद्रपूरला आणि कोराडीला निघतो. तिथे जळणारा कोळसा बहुतेक मालगाडीनेच जातो. कोळसा हाच तर रेल्वेचा सगळ्यात मोठा माल. म्हणजे कोळसा नेण्यासाठी वीज, विजेसाठी कोळसा. या चक्रात धूरमोजे एक अख्खा शनिवार फिरत होते. सोमवारी सरासरी लावून बाहेर आले.

रेल्वेनेही माल पाठवणाऱ्यांचं कौतुक करायला २०२२ पासून ‘रेल ग्रीन पॉइंट्स’ सुरू केलेत, रस्त्याऐवजी रेल्वेने नेल्याने किती कार्बन वाचला त्याचे गुण. एमडी साहेबांनी लगेच विचारलं, “कुठे वटतात?” कुठेच वटत नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस उडाला.

धूरमोज्यांचं खरं स्वप्न मात्र कोकण रेल्वेची रो-रो. १९९९ पासून चालू आहे. भरलेला ट्रकच्या ट्रक कोलाडला वाघिणीवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला, इंजिन बंद, चाकं साखळीने बांधलेली, आणि तरी गाडी कोकण पालथं घालून पुढे निघालेली. “डिझेल शून्य, पण ट्रकचं स्वतःचं वजनही रेल्वे ओढतेय. ते माल नव्हे, पण त्याचा भार तर पडतो. कुणाच्या माथी?” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते इतरांना पंढरपुरात मिळतं. आमच्या टाक्या रचल्या की उंचीच्या मर्यादेत बसत नाहीत, म्हणून तो योग काही आला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलं, आता पहिली वाट. डिझेल. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत शेठच्या ऑफिसात गेलो. शेठने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

“शेठ, तुमच्या गाड्यांना डिझेल किती लागतं तेवढं सांगा.”

शेठने चहा परत पाठवायचा विचार केल्यासारखं वाटलं. “साहेब, भाडं कमी करायला आलाय ना?”

“नाही हो. धूर मोजायचाय.”

“धूर खुशाल मोजा. पीयूसी आहे, बीएस-सिक्स गाड्या आहेत. पण डिझेलचा हिशेब मी सख्ख्या भावाला दाखवत नाही.”

त्या दुपारी आम्हाला जे ज्ञान झालं ते कुठल्याच मानकात नाही. एका ट्रकला तीन अॅव्हरेज असतात. एक शोरूमवाला सांगतो ते. ते गाडी घेण्यापुरतं. दुसरं शेठ ड्रायव्हरला बांधून देतो ते: भरलेली ४, रिकामी ५, त्या मापाने डिझेल मिळेल, कमी पडलं तर पदरचं घाल. आणि तिसरं गाडी खरोखर देते ते. ते फक्त ड्रायव्हरला ठाऊक असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या अॅव्हरेजच्या मधल्या फटीत ड्रायव्हरचा संसार चालतो, आणि त्या फटीत बोट घालायला आलेला कुणीही त्याला दुष्मन.

धूरमोज्यांनी ड्रायव्हरमामांना बाजूला घेतलं. “मामा, मला चोरी पकडायची नाही. धूर पकडायचाय.” मामांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, आणि या माणसापासून जगात कुणालाही धोका नाही अशी खात्री पटल्यावर तोंड उघडलं. “साहेब, तुमच्या टाक्या असल्या काय, नसल्या काय, गाडीला कळतसुद्धा नाही. वजनच नाही. वारा तेवढा अडवतात. जाता-येता पाच धरा.” मग जरा घुटमळून म्हणाले, “आणि थोडं वाचतं, ते गावाकडे ट्रॅक्टरला जातं.”

धूरमोजे गंभीर झाले. परतताना बसमध्ये म्हणाले, “ट्रॅक्टरमध्ये जळलेला कार्बन आपला नाही. तो शेतीत जाईल.” आणि तेवढे लिटर त्यांनी इमानदारीने वजा केले.

जाता-येता १,४०० किलोमीटर, लिटरला ५, म्हणजे २८० लिटर, म्हणजे ७५० किलो. आदल्या वर्षी त्याच फेरीचे त्यांनी १०५ दाखवले होते. सातपट! एमडी साहेबांच्या केबिनचं दार लागलं. आतला आवाज डिस्पॅचपर्यंत येत होता.

“पेढे वाटले मी गेल्या वर्षी! दाणे रेल्वेने आणले! आणि आकडा सातपट?”

“साहेब, आकडा वाढला नाही. आपल्याला कळला.”

“मग न कळलेलाच बरा होता! गिऱ्हाइकाला काय सांगू?”

धूरमोज्यांनी नियम काढून दाखवला. मोजायची रीत बदलून मोठा फरक पडला, तर ज्या वर्षाशी तुलना करतो त्या पायाभूत वर्षाचा आकडाही नव्या रीतीने पुन्हा काढायचा. म्हणजे गेल्या वर्षीचे पेढे मागे घ्यायचे. एमडी साहेबांना तेवढं एक पटलं. मागचं वर्षही वाईट होतं म्हटल्यावर हे वर्ष बरं दिसायला लागलं. पण गिऱ्हाइकाच्या एक्सेलला ते मंजूर नव्हतं. खरा आकडा टाकला की चौकोन लाल व्हायचा आणि खाली यायचं: अपेक्षित मर्यादेबाहेर. १०५ टाकला की हिरवा. धूरमोजे संध्याकाळपर्यंत त्या लाल चौकोनासमोर बसून होते. जाताना त्यांनी तो लालच ठेवला. तेवढा ताठ कणा मी कंपनीत दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

त्या लाल चौकोनाने काम केलं. एमडी साहेब स्वतः डिस्पॅचच्या धक्क्यावर येऊन उभे राहिले, आणि आपण हवेचं भाडं भरतो हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कार्बनने जे हललं नव्हतं ते भाड्याने हललं. हमालांच्या टोळीचा मुकादम तंबाखू मळत म्हणाला, “साहेब, टाकीला वरून तोंड आहे. फिटिंगची पोती आत सोडली तर?” आजवर फिटिंग वेगळ्या गाडीने जायचं. हे कुणालाच का सुचलं नाही? टाक्यांचं खातं वेगळं, फिटिंगचं वेगळं, आणि दोन्ही गाड्या एकाच गावाला जातात हे फक्त धूरमोज्यांच्या वहीत एकाखाली एक लिहिलेलं होतं. वराई वाढवून देण्यावर मुकादमाशी दोन दिवस जुंपली, मग पोती टाक्यांच्या पोटात गेली आणि महिन्याच्या गाड्या कमी झाल्या.

शेठ तणतणत आला. “धूर कमी झाला तो तुम्ही लिहाल, साहेब. माझं भाडं कमी झालं ते मी कुठे लिहू?”

धूरमोज्यांनी वही काढली. बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या गाड्या चाकणला माल टाकून रिकाम्या परत जातात, हे त्यांनी वर खेचलेली चाकं बघून केव्हाच टिपून ठेवलं होतं. त्या कारखान्यातही एक धूरमोजे होताच. फोन झाला. दोघांनी एकमेकांना नमस्कारसुद्धा न करता एकदम विचारलं, “परत येताना काय?” तेव्हापासून शेठच्या गाड्या आमच्या टाक्या घेऊन जातात आणि येताना त्यांचा माल घेऊन येतात. शेठने दोन्ही धूरमोज्यांना दिवाळीला मिठाईचे डबे पाठवले. बांधून दिलेल्या अॅव्हरेजला मात्र त्याने हात लावला नाही.

गाडीचं दोन मिनिटांत जमलं. घोडं अडलंय ते वाचलेल्या कार्बनवर. बुटीबोरीकरांचं म्हणणं, आमचा माल तुमच्या रिकाम्या गाडीत बसला, तेव्हा बचत आमची. आमच्या धूरमोज्यांचं म्हणणं, रिकामी गाडी आमची होती, तेव्हा रिकामपण भरल्याचं श्रेय आमचं. दोघांनीही आयएसओ १४०८३ समोर ठेवलंय, दोघांनाही त्यात आपलाच मुद्दा दिसतो. आठवड्याला एकदा फोन होतो आणि दोघेही आपापला हक्क ग्रॅमच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांगतात. परवा आमच्या धूरमोज्यांनी तडजोड सुचवली, टन-किलोमीटरच्या प्रमाणात वाटून घेऊ. पलीकडून लगेच प्रश्न आला, साखरपुड्याला गेलेले किलोमीटर धरून की सोडून?